वळचणीचा आधार: किलपेक, अर्डिस्ली आणि शॉब्डनच्या शिल्पांचा प्रवास

शुक्रवार

बर्मिंगहॅमहून निघून मॉल्व्हर्नच्या डोंगररांगेला वळसा घातला की जमिनीचा रंग पालटतो. नांगरलेली शेते तांबूस दिसू लागतात, सफरचंदाच्या बागा सुरू होतात आणि जुन्या भिंतींच्या दगडातही तोच तांबडेपणा उतरलेला दिसतो. हा हेरफर्डशर परगणा वेल्सच्या सीमेला लागून आहे आणि त्याच्या पोटात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा लाल वालुकाश्म आहे. बाराव्या शतकात या दगडावर काम करणाऱ्या कारागिरांच्या एका गटाने आसपासच्या खेड्यांतील लहान चर्चमध्ये जी शिल्पे घडवली, त्यांना कला-इतिहासकार ‘हेरफर्डशर शैली’ म्हणतात. ती शिल्पे पाहणे हा या प्रवासाचा हेतू होता. पण त्याहून अधिक, एकाच काळात आणि एकाच परंपरेत घडलेल्या शिल्पांची नऊशे वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी अवस्था का झाली, हे मला समजून घ्यायचे होते. बर्मिंगहॅमला राहणारी माझी मावसबहीण सोबत होती. गाडी तीच चालवत होती आणि इंग्लंडातील जुन्या इमारतींच्या कायद्यांची तिला माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक माहिती आहे.

हेरफर्ड शहरात पोहोचेपर्यंत दुपार कलली होती, म्हणून त्या दिवशी फक्त तिथले कॅथीड्रल पाहिले. १७८६ साली ईस्टरनंतरच्या सोमवारी या कॅथीड्रलचा पश्चिमेकडचा मनोरा कोसळला आणि सोबत दर्शनी भागही घेऊन गेला. साधारण १३०० च्या सुमाराचा जगाचा प्रसिद्ध चर्मपत्री नकाशा इथेच आहे. १९८८ मध्ये पैशांच्या अडचणीमुळे तो विकण्याचा विचार जाहीर झाला, तेव्हा देशभर गदारोळ उठला, देणग्या जमल्या आणि १९९६ मध्ये त्याच्यासाठी वेगळी इमारत उभी राहिली. मोठ्या वास्तूला संकटात धावून येणारे लोक मिळतात. खेड्यातल्या चर्चचे काय होते, हे पुढच्या दिवसांत पाहायचे होते.

शनिवार

हेरफर्डपासून नैर्ऋत्येला सुमारे १४ किलोमीटरवर किलपेक हे अगदी लहान गाव आहे. सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांच्या नावाचे तिथले चर्च एका किंचित उंच, अंडाकृती आवारात उभे आहे. आवाराच्या या आकारावरून इथे अकराव्या शतकात फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या कितीतरी आधी केल्टिक ख्रिस्ती वस्ती असावी, असे अभ्यासक मानतात. चर्चच्या मागे नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर भिंतींचे एकदोन तुकडे तग धरून आहेत. किल्ला इंग्लंडच्या यादवी युद्धात निकामी करण्यात आला, त्याच्या आश्रयाने वाढलेले मध्ययुगीन गाव ओस पडून शेतातील उंचवट्यांपुरते उरले. चर्च मात्र राहिले.

पाऊस पडत होता, आणि तो पडत होता याचा मला नंतर आनंदच झाला.

चर्चची रचना अत्यंत साधी आहे. आधी नेव्ह, म्हणजे उपासकांनी बसायची लांबट खोली. तिच्या पूर्वेला त्याहून अरुंद चॅन्सल. आणि शेवटी अर्धवर्तुळाकार ऍप्स, जिथे वेदी असते. तिन्ही भाग एका रेषेत, प्रत्येक पुढचा भाग आधीच्यापेक्षा लहान आणि बुटका, त्यामुळे बाहेरून पाहताना नजर आपोआप पूर्वेकडे सरकत जाते. हे सारे ११४० च्या सुमारास ह्यू नावाच्या स्थानिक सरदाराच्या काळात बांधले गेले. त्याने ११३४ मध्ये इथले चर्च ग्लॉस्टरच्या सेंट पीटर मठाला दान दिल्याची नोंद आहे. नंतरच्या काळात इंग्लंडमधील बहुतेक खेडेगावांच्या चर्चना मनोरे जोडले गेले, बाजूच्या ओवऱ्या वाढल्या, ऍप्स पाडून चौकोनी पूर्वभिंती उभारल्या गेल्या. किलपेकच्या वाट्याला यातले जवळजवळ काही आले नाही. गाव वाढले नाही, म्हणून चर्च वाढवण्याची गरज पडली नाही, आणि म्हणून बाराव्या शतकातील आराखडा जसाच्या तसा आपल्यासमोर आहे.

दक्षिणेकडील दारासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. कमानीतील अर्धचंद्राकार दगडावर, ज्याला टिम्पॅनम म्हणतात, एक वेल आहे. तिला जीवनवृक्ष मानले जाते. तिच्याभोवतीच्या कमानीत चोची आणि जबडे वासलेली पशुमुखे आहेत आणि बाहेरच्या ओळीत एकमेकांना साखळीसारखी जोडलेली वर्तुळे असून त्यांत पक्षी आणि ड्रॅगन आहेत. डावीकडच्या खांबावर वेलींच्या वेटोळ्यांत अडकलेले दोन योद्धे एकावर एक उभे आहेत. त्यांचे अंगालगतचे कपडे बारीक समांतर रेघांनी दाखवले आहेत आणि छिन्नीची ती प्रत्येक रेघ आजही वेगळी मोजता येते. बाहेरच्या उभ्या दगडांवर लांबलचक सर्प आहेत, एकाच्या तोंडात दुसऱ्याचे शेपूट. एका स्तंभशीर्षावर तोंडातून वेली सोडणारा मुखवटा आहे. आपल्याकडील मंदिरांचे कीर्तिमुख ज्याने पाहिले आहे, त्याची नजर तिथे थबकल्याशिवाय राहणार नाही, जरी दोन्ही परंपरा एकमेकींना अनोळखी असल्या तरी.

या शैलीचे मूळ शोधताना अभ्यासक ऑलिव्हर द मेर्लिमॉन्ड या माणसापाशी येतात. तो ह्यू मॉर्टिमर या सरदाराचा कारभारी होता, शॉब्डन इथे त्याने चर्च बांधवले, आणि त्याच सुमारास तो स्पेनमधील सांतियागो द कोंपोस्तेला इथे तीर्थयात्रेला जाऊन आला, असे विगमोर मठाच्या जुन्या बखरीत नमूद आहे. फ्रान्सच्या पश्चिम भागातून जाणाऱ्या त्या यात्रामार्गावरील चर्चची शिल्पे त्याने, किंवा त्याच्यासोबतच्या एखाद्या कारागिराने, पाहिली असावीत. त्यात उत्तरेकडील व्हायकिंग कलेतील गुंतागुंतीचे सर्पवेढे आणि स्थानिक केल्टिक गाठी मिसळल्या आणि एक नवीच भाषा तयार झाली. कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या यादवकालीन मंदिरांच्या बाबतीतही बहुतेकदा हेच झाले आहे आणि मला प्रत्येक वेळी त्याचे वाईट वाटते.

दारावर एक अरुंद संरक्षक छज्जा आहे. त्यावरून पडणारे पाणी कमानीच्या पुढे, जमिनीवर ओघळत होते आणि कमान कोरडी होती. अनेक वर्षे या दाराला लाकडी द्वारमंडप होता. त्यामुळे बाहेरच्या बाजूची शिल्पे झाकली गेली होती. १८६८ मध्ये तो काढून टाकण्यात आला आणि शिल्पे सर्वांना दिसू लागली. पण ज्या आवरणाने ती झाकली होती, त्यानेच ती जपलीही होती. हा छज्जा म्हणजे पाहणे आणि जपणे यांच्यात काढलेली मधली वाट आहे. तो काही फार देखणा नाही, पण पावसात उभे राहून पाहिल्यावर त्याच्याबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

छपराच्या वळचणीखाली संपूर्ण इमारतीभोवती कॉर्बेलची रांग आहे, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेले आणि कोरलेले दगडी टेकू. जॉर्ज रॉबर्ट लुईस या चित्रकाराने १८४२ मध्ये इथल्या शिल्पांची रेखाटने प्रसिद्ध केली, तेव्हाच्या मानाने आज सहा कमी आहेत. ८५ शिल्लक आहेत. कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेले, तंतुवाद्य वाजवणारा वादक, माणसाला गिळू पाहणारे अस्वल, क्रूस घेतलेला देवाचा कोकरू. काही चेहरे तर आजच्या व्यंगचित्रात सहज खपतील. दक्षिणेकडे प्रसिद्ध ‘शीला-ना-गिग’ आहे, दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी स्त्री. मराठी वाचकाला इथे लज्जागौरी आठवेल; दोहोंत ऐतिहासिक नाते जोडायला मात्र आधार नाही. लुईसने व्हिक्टोरियन सभ्यतेपोटी या शिल्पाला छाती चिरलेला विदूषक ठरवून टाकले होते. त्याचा अर्थ आज कोणी मानत नाही, परंतु त्याने ही आकृती वगळली नाही, रेखाटली, हे आपल्यावर उपकारच आहेत. ती नेमकी काय सांगते, पापाविरुद्धचा इशारा की प्रसूतीचे रक्षण, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

पश्चिमेच्या भिंतीतून ड्रॅगनांची मुंडकी बाहेर झेपावतात, तोंडे उघडी आणि जिभा आत वळलेल्या. नॉर्वेच्या लाकडी चर्चच्या छपरांवरील मुंडक्यांशी त्यांचे साम्य पटकन जाणवते.

आत गेल्यावर आवाज एकदम कमी झाला. चॅन्सलच्या कमानीच्या दोन्ही बाजूंना संतांच्या आकृती एकावर एक, तीन-तीन अशा रचलेल्या आहेत. किल्ली धरलेला सेंट पीटर ओळखता येतो. ऍप्सच्या छताच्या दगडी फासळ्या मध्यभागी जिथे मिळतात, तिथे पशुमुखे कोरलेली आहेत. सारे इतके लहान आहे की दारापासून वेदीपर्यंत मोजकीच पावले पडतात.

तिथे भेटलेल्या चर्चवॉर्डनशी, म्हणजे देखरेखीची जबाबदारी निवडून येऊन बिनपगारी सांभाळणाऱ्या ग्रामस्थाशी, झालेले बोलणे मला शिल्पांइतकेच मोलाचे वाटले. मी शिल्पांविषयी विचारत होतो आणि ते पुन्हा पुन्हा पन्हळींकडे येत होते. “पानगळीनंतर पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत शिरते. शिल्पाची काळजी तुम्ही वरून घ्यायला सुरुवात करता,” असे ते म्हणाले. त्यांनी बोट दाखवले तिथे वळचणीखालचे दगड कोरडे होते आणि जमिनीलगतचे दोन थर ओलसर व गडद झाले होते. दगडाचे आयुष्य कसे ठरते, हे त्या एका भिंतीवर दिसत होते.

वालुकाश्म पाणी शोषतो. थंडीत ते पाणी गोठून फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. उन्हाळ्यात ते वाळताना क्षार पृष्ठभागाशी जमतात आणि दगड आतून भुसभुशीत करतात. दगडांमधल्या फटी चुन्याने भरलेल्या असतील तर ओल चुन्यावाटे बाहेर पडते आणि झिजला तर चुना झिजतो, तो पुन्हा भरता येतो. त्याच फटी सिमेंटने भरल्या की ओलीला वाट उरत नाही, ती दगडातूनच बाहेर पडते आणि मग दगड झिजतो. किलपेकचा दगड जात्याच कठीण आणि बारीक कणांचा आहे, हे खरेच; पण नुसत्या दगडाच्या जातीवर नऊशे वर्षे निघत नाहीत.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी ताईने कायद्याची बाजू समजावून सांगितली. किलपेकचे चर्च पहिल्या श्रेणीच्या संरक्षित इमारतींच्या यादीत आहे. असे असूनही इंग्लंडच्या अधिकृत चर्चला आपल्या वापरातील इमारतींपुरती संरक्षित इमारतीत बदल करण्यासाठी लागणाऱ्या सरकारी परवानगीतून सूट आहे. तिच्या बदल्यात त्यांनी स्वतःची तितकीच कडक व्यवस्था चालवायची असते. इमारतीत महत्त्वाचा बदल करायचा असेल तर गावच्या चर्च समितीला ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी घ्यावी लागते. ती बिशपच्या न्यायालयाचा कायदेपंडित न्यायाधीश देतो. त्याला सल्ला द्यायला वास्तुविशारद, पुरातत्त्वज्ञ आणि इतिहासकारांची समिती असते आणि महत्त्वाच्या कामात सरकारी वारसा संस्था व जुन्या इमारतींसाठी झटणाऱ्या स्वयंसेवी संस्था यांचेही मत घेतले जाते. शिवाय १९५५ च्या कायद्याने सुरू झालेल्या पद्धतीप्रमाणे दर पाच वर्षांनी प्रत्येक चर्चची तज्ज्ञाकडून तपासणी होते. तो छपरापासून पायापर्यंत पाहून काय तातडीचे आहे, काय दोन वर्षांत करावे, काय थांबू शकते, याचा लेखी अहवाल देतो.

“पण पैसे?” मी विचारले.

“पैसे गावाने उभे करायचे. अनुदाने मिळतात, पण रोजचा भार गावावर. आणि अरे, गावात माणसेच किती!” ताई म्हणाली.

इंग्लंडच्या चर्चकडे सुमारे १६,००० इमारती आहेत आणि त्यांतल्या बारा हजारांहून अधिक संरक्षित यादीत आहेत. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, ती त्या काळातल्या ‘जीर्णोद्धारा’च्या विरोधात होती. भिंती खरवडून, नंतरच्या शतकांच्या खुणा पुसून, इमारत मूळ कशी असावी याची कल्पना करून ती तशी घडवण्यापेक्षा रोजच्या निगेने झीज थोपवावी, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे गावोगावच्या हेमाडपंती मंदिरांवर भक्तिभावाने ऑइलपेंट चढतो, गाभाऱ्यात फरशा बसतात, सिमेंटने सांधे भरले जातात, तेव्हा त्यामागे अनास्था नसते, उलट आस्थाच असते. कमतरता असते ती पाच वर्षांनी येऊन शांतपणे तपासून जाणाऱ्या जाणत्या माणसाची. राज्याचा १९६० चा कायदा संरक्षित स्मारकांचे रक्षण करतो, पण यादीबाहेरच्या मंदिराचे काय करायचे हे ठरवणारी अशी गावपातळीवरची व्यवस्था आपण उभी केलेली नाही. ती उभी करणे अशक्य आहे असे मला किलपेक पाहिल्यावर वाटत नाही.

रविवार

सकाळी ब्रिन्सपला गेलो. इथल्या चर्चमध्ये घोड्यावर बसून ड्रॅगनला मारणाऱ्या सेंट जॉर्जचे टिम्पॅनम आहे, आणि त्याचे नाते फ्रान्समधील पार्थने-ल-व्ह्यू इथल्या घोडेस्वाराच्या शिल्पाशी जोडले जाते. ते आज आतल्या भिंतीत बसवलेले आहे. घोडेस्वाराच्या झग्याच्या घड्या स्पष्ट आहेत. दाराच्या वर असताना येणाऱ्याच्या डोक्यावरून पाहणारा हा संत आता बाजूच्या भिंतीतून पाहतो. जागेचा अर्थ गेला, शिल्प उरले. या सौद्याचा विचार दिवसभर डोक्यात राहिला.

तिथून अर्डिस्लीला पोहोचलो तेव्हा उपासना चालू होती, म्हणून ती संपेपर्यंत गावातून फिरलो. काळ्या लाकडी चौकटींची आणि पांढऱ्या भिंतींची जुनी घरे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. लोक बाहेर पडल्यावर आम्ही सेंट मेरी मॅग्डालिन चर्चमध्ये गेलो, आणि नेव्हच्या पश्चिम टोकाशी असलेल्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाजवळ पोहोचलो.

हे कुंड ११५० च्या आसपासचे आहे. पेल्याच्या आकाराच्या एकाच दगडाभोवती कथा फिरते, त्यामुळे ती वाचायला आपल्यालाही फिरावे लागते. नरकाच्या जाळ्यात गुरफटलेल्या माणसाला ख्रिस्त मनगट धरून बाहेर ओढतो आहे. त्याची पुढे टाकलेली पावले, वाकलेले गुडघे आणि मागे उडालेला झगा यांत ओढण्याचा जोर अक्षरशः जाणवतो. त्या माणसाचे शरीर अजून दोऱ्यांत गुंतलेले आहे, पण हात सुटला आहे. पलीकडे एक प्रचंड सिंह. आणि मग दोन योद्धे, एकाकडे भाला, दुसऱ्याकडे तलवार, दोघेही वेलींत अडकलेले. त्यांच्या अंगरख्यावरच्या समांतर रेघा थेट किलपेकच्या खांबावरच्या योद्ध्यांची आठवण देतात. हे द्वंद्व इथल्या बास्करव्हिल घराण्यात सासरा आणि जावई यांच्यात झालेल्या खऱ्या लढतीचे आहे, अशी परंपरा सांगते. वरच्या काठावर गुंफलेल्या पट्ट्यांची वेणी आहे. मी तिच्या कडेला डोळा लावून पाहिले. पट्टी जिथे दुसऱ्या पट्टीखाली जाते, तिथला लहानसा कोनही बोथट झालेला नाही.

या कुंडाला वारा नाही, पाऊस नाही, गोठणे नाही. शिवाय ते नुसते ठेवलेले नाही. गावातली मुले आजही याच कुंडाशी बाप्तिस्म्यासाठी आणली जातात, आणि म्हणून छप्पर गळू लागले तर ते कोणाच्या तरी लगेच लक्षात येते. वापर हाच सर्वांत जुना पहारेकरी आहे, असे ताई म्हणाली, ते मला पटले.

सोमवार

शेवटचा टप्पा शॉब्डन. ऑलिव्हर द मेर्लिमॉन्डने बांधवलेले ते चर्च, ज्याचा अभिषेक हेरफर्डचे बिशप रॉबर्ट द बेथ्यून यांनी केला आणि जिथून ही सारी शैली सुरू झाली असे मानले जाते, ते आज अस्तित्वात नाही. १७५० च्या दशकात बेटमन घराण्याने ते पाडून त्या जागी नवीन चर्च बांधले. आत शिरताच पांढरा आणि फिकट निळा रंग, टोकदार कमानींची नाजूक लाकडी आसने, सगळे साखरेच्या नक्षीसारखे. अठराव्या शतकाच्या अभिरुचीचा हा अस्सल नमुना आहे आणि तोही आज पहिल्या श्रेणीत संरक्षित आहे. मला तो मनापासून आवडला, हे सांगितले पाहिजे.

जुन्या चर्चची चॅन्सलची कमान आणि दोन दारे मात्र त्या लोकांनी फेकून दिली नाहीत. ती जवळच्या टेकडीवर, हिरवळीच्या टोकाला, निसर्गदृश्याची शोभा म्हणून उभी केली. मधोमध मोठी कमान, दोन्ही बाजूंना दारांच्या कमानी, आणि त्यांना जोडणाऱ्या भिंतीत टिम्पॅनम. लांबून पाहिले तर दृश्य सुंदर आहे. जवळ गेल्यावर मी गप्प झालो. खांबांवर किलपेकसारखेच योद्धे होते, तीच वेटोळी, तेच पक्षी. आता तिथे कुठे खांद्याचा उंचवटा, कुठे वेलीचा वाक, बाकी वितळून गेलेला दगड. एका टिम्पॅनमवर सिंहासनस्थ ख्रिस्त आणि दुसऱ्यावर नरकातून आत्म्यांची सुटका आहे, म्हणजे अर्डिस्लीच्या कुंडावर काल पाहिलेलाच प्रसंग. पण आधी माहीत नसेल तर तो इथे ओळखणे कठीण. किलपेकनंतर दहा वर्षांनी, १८५२ मध्ये, लुईसने शॉब्डनचीही रेखाटने प्रसिद्ध केली, आणि त्यांत दिसणारे कितीतरी तपशील दगडावरून नाहीसे झाले आहेत.

किलपेकचा दगड अधिक कठीण होता, हा फरक हिशेबात धरलाच पाहिजे. तरी शॉब्डनची ही शिल्पे चर्चला लागून असताना सहाशे वर्षे टिकली आणि उघड्यावर आल्यावर त्यामानाने थोड्याच काळात झिजली. भिंतीपासून सुटलेल्या कमानीला दोन्ही अंगांनी पाऊस लागतो, वरच्या सांध्यांतून पाणी आत उतरते, आणि ती पूर्वी ज्या छपराखाली होती ते छप्पर आता नसते. ज्यांनी हे केले त्यांना शिल्पांची कदर होती, नाहीतर त्यांनी एवढी खटपट केली नसती.

परतताना गाडीत आमचा वाद झाला. ताईचे म्हणणे असे की अडीचशेहून अधिक वर्षे त्या टेकडीवर उभ्या असलेल्या कमानी आता स्वतःच एक ऐतिहासिक वास्तू आहेत; त्या उचलून संग्रहालयात नेल्या तर अठराव्या शतकाची कल्पना आपण दुसऱ्यांदा मोडू, आणि हलवताना झिजलेला दगड हाताशी किती राहील, याचीही खात्री नाही. तिचे बरोबर आहे. पण मला ब्रिन्सपचा घोडेस्वार आठवत होता. कमानी तिथेच राहू द्याव्यात, आणि निदान दोन टिम्पॅनमवर तरी छप्पर यावे. दृश्याची शोभा थोडी उणी झाली तरी चालेल, कारण ख्रिस्ताचा जो थोडासा चेहरा उरला आहे, तो पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात आणखी थोडा जाणार आहे. ताईने हे मान्य केले नाही. छपराच्या खांबांसाठी पाया खणताना टेकडीखाली काय सापडेल, याचा आधी अभ्यास व्हावा, एवढ्यावर आमचे एकमत झाले.